नवनराची काळी आणि पांढरी

नवनर हे नाव मी रचलेलं नाही. पुढच्या पानांवरचं बाकी जवळजवळ सगळं रचलेलं आहे: नदी, तिच्या काठचे लोक, त्यांच्या देवता, त्यांची कालगणना, पाण्यात बुडवून खऱ्या ठरणाऱ्या राजाज्ञा. राजधानीचं नाव मात्र उसनं आहे. ते कुठून घेतलं हे सांगितल्याशिवाय वाचकाला वेशीतून आत घेणं मला रास्त वाटत नाही. म्हणून ही प्रस्तावना, आणि ती थोडी लांबली आहे.

नाशिकपासून सात-आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत पांडवलेण्यांचा डोंगर आहे. शिलालेखांत त्याचं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. पांडवांचा या डोंगराशी संबंध नावापुरता. इथली २४ लेणी मुळात बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी खोदली गेली. त्यातलं तिसरं लेणं गौतमी बलश्री हिनं करवून घेतलं. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई, पुळुमावीची आजी. या लेण्याच्या ओसरीखाली दगडातून अर्ध्या अंगानं वर आलेले यक्ष खांद्यांवर तुळया पेलून आहेत. जणू सगळं लेणं तेच उचलून धरतात. वर ओसरीच्या भिंतीवर वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २२व्या राज्यवर्षातला एक लेख आहे. त्यात राजा स्वतःला ‘नवनरस्वामी’ म्हणवतो. नवनरचा स्वामी.

हे नवनर कुठलं, यावर अभ्यासकांचं आजवर एकमत झालेलं नाही. कुणी ते जुन्नर म्हणतात, कुणी ‘नवनगर’ असा अर्थ लावून पैठणच्या आसपास शोधतात. पुळुमावीची राजधानी म्हणून टॉलेमीनं बैठणाचं, म्हणजे पैठणचं नाव दिलं आहे, त्यामुळे गुंता वाढतोच. एवढ्या मोठ्या राजानं ज्या नगराच्या नावानं स्वतःची ओळख सांगितली, त्या नगराचा पत्ता आपल्याकडे नाही. नाव आहे, तेही दुसऱ्याच गावाच्या डोंगरावर, दानपत्राच्या पहिल्या ओळीत.

मी कॉलेजात असताना पहिल्यांदा हे वाचलं आणि त्या दिवसापासून ते डोक्यातून गेलं नाही. इतिहासकाराला हे नाव म्हणजे सोडवायचा प्रश्न. मला ती रिकामी जागा वाटली, आणि रिकामी जागा दिसली की गोष्ट सांगणाऱ्याला राहवत नाही.

कल्पनेतली नगरं उभारण्याची आपली परंपरा जुनी आहे. कथासरित्सागरात पुत्रकाची गोष्ट येते. मयासुराचे मुलगे बापाच्या तीन वस्तूंसाठी भांडत असतात: पादुका, पात्र आणि काठी. काठीनं जे रेखाटावं ते खरं होतं. पुत्रक त्यांना फसवून तिन्ही वस्तू पळवतो, पाटली नावाच्या राजकन्येला घेऊन आकाशमार्गानं गंगेच्या काठी उतरतो आणि काठीनं भुईवर नगर रेखाटतो. ते पाटलिपुत्र. ही गोष्ट ज्या बृहत्कथेतून आली असं मानतात, तिचा कर्ता गुणाढ्य आपल्या गोदाकाठचा, सातवाहनाच्या दरबारातला. पैशाची भाषेत लिहिलेली त्याची कथा राजानं नाकारली. मग रानात बसून त्यानं एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकलं, अशी आख्यायिका आहे. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. गोदावरीच्या खोऱ्यातला पहिला मोठा कथाकार आपल्याला भेटतो तो असा, हरवलेल्या पुस्तकाचा लेखक म्हणून.

मराठीतल्या सुरुवातीच्या गद्य कादंबऱ्यांतही कल्पित राज्यं आहेत. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला. अद्भुताचं वेड आपल्याला परक्यांनी लावलं असं म्हणणाऱ्यांनी ही नावं एकदा आठवून पाहावीत.

पुत्रकाची काठी हातात आली असं समजून मीही सुरुवात केली. पहिल्या खर्ड्यात सात मजली राजवाडा होता, सोन्याचे कळस होते, नदीच्या पाण्यात पडणारी त्यांची प्रतिबिंबं होती. शंभरेक पानं झाल्यावर लक्षात आलं की या नगरात कुणी जेवत नाही. धान्य कुठून येतं ते ठाऊक नाही, सांडपाणी कुठं जातं ते ठाऊक नाही, पावसाळ्यात नदी चढली तर माणसं काय करतात ते ठाऊक नाही. ती पानं मी बाजूला ठेवली.

वाट सापडली ती आजीच्या एका शब्दामुळे. तिचं माहेर निफाडकडचं. गावाबद्दल बोलताना ती नेहमी दोन शब्द जोडीनं वापरायची: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, जिथं पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली आणि राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठून भुईचा रंगच उतरला. ‘‘बाबा, पांढरी कितीही उंच असू दे,’’ ती म्हणायची, ‘‘खाते ती काळीचंच.’’ ओस पडलेल्या जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतात, हेही तिनंच सांगितलं. म्हणजे उलटही खरं: शेवटी काळीही पांढरीला खाते.

पुरातत्त्वाचं पांडित्य नसलेल्या बाईनं नदीखोऱ्यातल्या सगळ्या राजधान्यांचं गणित मला दोन शब्दांत दिलं होतं. तेव्हा मी लेण्यांतले लेख पुन्हा वाचायला घेतले. भगवानलाल इंद्रजींनी केलेलं वाचन १८८३च्या नाशिक गॅझेटियरमध्ये आहे, त्यानंतर सेनार यांचं आहे, आणि मराठीत वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचा ग्रंथ आहे. या खेपेला मी राजांच्या बिरुदांवरून पुढं सरकलो. तिसऱ्या लेण्यातल्या बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राची थोरवी ओळींमागून ओळी चालते. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं तिथं म्हटलं आहे. आईनं मुलाबद्दल लिहिलेलं आहे, ते मोठंच असणार. मला हवं होतं ते शेजारच्या कोरड्या दप्तरी लेखांत सापडलं.

त्यातली एक जोडी तर मी कधी विसरणार नाही. गौतमीपुत्र आपल्या १८व्या वर्षी वैजयंतीच्या विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवतो. अमात्याचं नाव विष्णुपालित. गोवर्धन म्हणजे नाशिकलगतचं तेव्हाचं शासनाचं ठाणं. कखडी गावातलं शेत, आजवर उषवदाताकडे होतं ते, २०० निवर्तनं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप), डोंगरावरच्या भिक्खूंना द्यावं अशी ती आज्ञा आहे. उषवदात हा गौतमीपुत्राआधी इथं सत्ता असलेल्या क्षत्रप नहपानाचा जावई. सत्ता बदलली आहे, आणि नव्या राजानं पहिल्या कामांत हे एक काम उरकलं आहे. लेखात त्या शेतावरच्या सवलती दिल्या आहेत: राजाच्या माणसांनी तिथं शिरू नये, कुणी त्याला हात लावू नये, मिठासाठी खणू नये. मिठासाठी खणू नये! राजाचा माणूस हातात कुदळ घेऊन शेतात आला म्हणजे काय होतं, हे त्या एका शब्दात शेतकऱ्याच्या बाजूनं दिसतं.

सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, दुसरी आज्ञा येते. तिच्यात राजाबरोबर राजमाताही आहे. ती सांगते की आम्ही पूर्वी दिलेलं ते शेत कुणी कसत नाही आणि ते गावही वसलेलं नाही. असं असल्यामुळे आता नगराच्या सीमेवरचं आमच्या मालकीचं राजशेत, त्यातली १०० निवर्तनं, या भिक्खूंना द्यावीत.

कखडी का ओस पडलं, लेख सांगत नाही. लढाईत माणसं पळाली असतील, पाऊस रुसला असेल. पण राजाचं दान सहा वर्षं नुसतं दगडावर राहिलं आणि शेतात काहीच उगवलं नाही, ही गोष्ट कुणीतरी नगरापर्यंत पोचवली. कोण चालत गेलं असेल? कुणापुढं उभं राहिलं असेल? आणि आपली पहिली आज्ञा फुकट गेली हे राजघराण्यानं लपवलं नाही. त्याच भिंतीवर पहिल्या लेखाला लागून दुसरा कोरला. या दुसऱ्या आज्ञेचा मसुदा करणाऱ्याचं नाव लेखात आहे: लोटा. प्रतिहाररक्षी लोटा, दारावरची राखणदार स्त्री.

त्या लोटेपासून या कादंबरीची नायिका आली. शिलालेखात लोटेबद्दल नाव आणि हुद्द्यापलीकडे काही नाही, बाकीची बाई मी रचली. ओस गावाची वार्ता घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला ती दारात अडवते, मग आत सोडते, आणि तिथून गोष्ट सुटते. इतिहासाची पुस्तकं लोटेला एक तळटीप देतात. तिचं त्याहून पुष्कळ देणं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा खजिना उषवदाताच्या लेण्यात, म्हणजे दहाव्या लेण्यात आहे. हा जावई दानशूर होता. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथं त्यानं धर्मशाळा बांधल्या, दमण, तापी, डहाणूच्या नद्यांवर लोकांना फुकट उतरता यावं म्हणून नावा ठेवल्या. मला त्याचा आवडतो तो हिशेब. त्यानं ३००० कार्षापणं गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींमध्ये कायमची ठेव म्हणून ठेवली. लेखातला शब्द अक्षयनीवी. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज घ्यायचं. एका श्रेणीकडे २००० कार्षापणं, दरमहा शेकडा एक दरानं. दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दरानं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणं.

कागद घेऊन करून पाहा. २०००वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू, प्रत्येकी १२: २४०. एक कार्षापण इकडचं तिकडे नाही. हा हिशेब निगमसभेत वाचून दाखवून नोंदवला गेला, तेव्हा कुठं तो दगडावर चढला. दोन श्रेणींचे दर वेगळे का, याचं उत्तर मी कादंबरीतल्या एका अख्ख्या प्रकरणात माझ्या परीनं रचलं आहे. वाचकांना ते पटेल अशी आशा आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यातल्या विणकरांची पत अशी होती की राजाचा जावई आपला पैसा त्यांच्याकडे ठेवायचा आणि तो ‘अक्षय’ राहील यावर विसंबायचा. नगर म्हणतात ते मला इथं दिसलं. पुढं आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात एका शक स्त्रीनं अशाच ठेवी ठेवल्या, आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. त्या ठेवल्या कुंभारांच्या श्रेणीत, तेल्यांच्या श्रेणीत आणि ‘ओदयंत्रिकां’च्या श्रेणीत. ओदयंत्रिक म्हणजे पाण्याची यंत्रं करणारे. ती यंत्रं कशी होती? माझ्या नवनरात ती नदीच्या वळणावर रात्रंदिवस कुरकुरत फिरतात, आणि त्यांची कुरकुर थांबली की सगळं नगर झोपेतून उठून बसतं.

सत्तेबद्दल दोन शब्द. नाशिकजवळ गोदावरी आणि दारणेच्या संगमाकाठी जोगलटेंभी गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाणी. सगळी नहपानाची, पण त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला. जुन्या राजाचा चेहरा नव्या ठशाखाली अर्धा दिसतो, अर्धा चेपलेला. नाणी वितळवून नवी पाडण्याइतकी उसंत नव्हती, की मुद्दामच जुना चेहरा दिसू द्यायचा होता? कादंबरीत युद्धाचं वर्णन जवळजवळ नाही, असं पहिल्या वाचकांनी मला सांगितलं. युद्ध काय करतं ते बाजारात हातोहात फिरणाऱ्या अशा एका नाण्यात सगळं होतं. मला रणांगणावर जायची गरज पडली नाही.

पूर मात्र मी पुस्तकात पोटभर लिहिला आहे, कारण तो मला शिलालेखातून शोधावा लागला नाही. गोदाघाटाजवळ वाढलेल्या कुणालाही तो ठाऊक असतो. नाशिकला पुराचं माप मीटरमध्ये सांगत नाहीत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं ते विचारतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. त्यापुढं नारोशंकराच्या देवळाची घंटा. ते देऊळ १७४७चं, आणि घंटेला पाणी लागलं की जुनी माणसं गप्प होतात. १९६९च्या पुराच्या आठवणी मी घरात ऐकत मोठा झालो. २००८, २०१६ आणि २०१९चे पूर डोळ्यांनी पाहिले. सराफ बाजारात पाणी शिरतं तेव्हा आधी वास येतो, मग आवाज, मग पाणी दिसतं. ओसरल्यावर उरतो तो गाळ: बोटभर जाड, मऊ, गार, आणि चार दिवसांत भेगा पडून त्याची खपली निघते. तशी एक खपली मी टेबलावर ठेवून कादंबरी लिहिली. तिच्या कडेला सूक्ष्म थर दिसतात. नदीखोऱ्यातलं नगर अशाच थरांवर थर चढत उंच होतं.

म्हणूनच माझं नवनर उंचावर आहे, नदीच्या बाहेरच्या वळणावर, मातीच्या टेकाडांवर. यासाठी मला लांब जावं लागलं नाही. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं, असं आपल्याकडे म्हणतात; नावाची एक लोकव्युत्पत्तीही ‘नवशिख’वरून सांगतात. (शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट त्याहून लोकप्रिय, हे खरं.) ‘नासिक’ हे नाव मात्र त्रिरश्मीच्या लेखांतच आहे: एकोणिसाव्या लेण्यात, सातवाहन कुळातल्या कृष्ण राजाच्या काळात नासिकच्या महामात्र श्रमणानं लेणं करवलं असं लिहिलं आहे, आणि अठराव्या, म्हणजे चैत्याच्या दर्शनी भागावर नासिककरांच्या धंभिक गावाचं दान नोंदलेलं आहे. अख्ख्या गावानं मिळून दिलेलं दान.

त्या टेकड्यांपैकी एक म्हणजे नदीकाठची जुनी मातीची गढी. लोक तिला काझीची गढी म्हणतात. १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं; जोर्वे आणि नाशिकचा त्यांचा अहवाल १९५५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं छापला. वरच्या मुसलमानी-मराठा काळापासून ते खाली उतरत गेले. सातवाहन काळाचे थर लागले, उत्तरेकडून आलेली काळ्या झिलईची खापरं लागली, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी लागल्या, आणि तळाशी तांबं आणि दगड बरोबर वापरणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यांच्या खुणा लागल्या. एका टेकाडात एवढं सगळं, आणि शेजारी आजही कुंभारवाडा.

खोऱ्यात आणखी मागंही जाता येतं. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि सारथी, म्हैस, हत्ती, गेंडा. चौघांचं वजन मिळून साठ किलोंच्या वर. गोदेच्या खोऱ्यातल्या त्या वस्तीवर पाच संस्कृतींचे थर एकावर एक आहेत. तो रथ मी पुस्तकात आणायचा मोह आवरला. वस्तू इतकी देखणी आहे की तिच्यापुढं माझी माणसं फिकी पडली असती.

पैठणकडून मात्र मी बरंच घेतलं आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या पेरिप्लसमध्ये पैठण भरुकच्छपासून वीस दिवसांच्या वाटेवर दक्षिणेला आहे, आणि तिथून अकीक गाड्यांत भरून धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर येतो. नवनराच्या बाजारपेठेतल्या गाडीवानांची सगळी बोली, त्यांचे शाप आणि त्यांचा उधारीचा व्यवहार या एका वाक्यातल्या वीस दिवसांतून फुटला. पुळुमावीच्या ज्या लेखात नवनरचं नाव आहे, त्यात गोवर्धनातून निघणाऱ्या वाटांचेही उल्लेख आहेत. दक्षिण वाटेवरचं सुदर्शन गाव परत घेऊन त्याच्या बदल्यात पूर्व वाटेवरचं सामलिपद द्यावं, असा तो व्यवहार आहे. राजधानीचा पत्ता हरवला, पण तिथल्या राजानं कुठल्या वाटेवरचं कुठलं खेडं बदलून दिलं ते राहिलं. मी नवनराचा नकाशा काढला तो त्यामुळे वाटांपासून. राजवाडा अगदी शेवटी, उरलेल्या जागेत बसवला.

आता कल्पिताबद्दल. माझ्या नवनरात राजाची आज्ञा मातीच्या पट्टीवर लिहून नदीत बुडवतात. अक्षरं टिकली तर आज्ञा खरी. पुसली गेली तर राजानं पुन्हा विचार करायचा. इतिहासात असं कुठं नाही. पण कखडीचं न कसलेलं शेत आणि त्याच भिंतीवरची दुरुस्ती वाचल्यावर मला वाटलं की असं एखादं नगर असायला हवं होतं, जिथं राजाचा शब्द आधी पाण्याला आणि भुईला पटावा लागतो. अद्भुत म्हणून मी या पुस्तकात एवढीच एक गोष्ट घातली आहे. उडते रथ नाहीत, जादूची काठी नाही. बाकी सगळे नियम काळी आणि पांढरीचे.

काही गोष्टी जाणूनबुजून बदलल्या. नाशिकच्या लेखांतली नावं मी कुणाही पात्राला जशीच्या तशी दिलेली नाहीत. भिक्खूंच्या जागी माझ्याकडे वैद्यांचा एक संघ आहे. नदीला नाव दिलेलं नाही, कारण ते दिलं की नाशिककर तिला गोदावरी समजून घाट मोजायला लागतील, आणि इतर कुणाला ती आपली वाटणार नाही. सातवाहनांचा इतिहास हवा असेल त्यांनी मिराशी वाचावेत. ही कादंबरी त्याची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही पाहत नाही.

एक विनंती करतो. पुस्तक वाचून झाल्यावर, शक्यतो पावसाळा उलटल्यावर, नाशिकला या. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत उभं राहून १८व्या आणि २४व्या वर्षांचे लेख शेजारी शेजारी पाहा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल. दोन आहेत एवढं पाहा. मग शहरात परत येऊन नदीकाठानं काझीच्या गढीकडे जा. दर पावसाळ्यात तिची कड थोडी ढासळते आणि माती नदीत जाते. वर माणसं राहतात, त्यांना पावसाच्या तोंडावर घरं सोडायच्या नोटिसा येतात. सांकळियांनी खणलेल्या थरांचा जो भाग उरला आहे, तो असा कणाकणानं कमी होतो आहे. गढीचा काठ बांधून काढणं आणि वरच्या कुटुंबांना पक्की घरं देणं, ही दोन्ही कामं एकदमच व्हायला हवीत. एकासाठी दुसरं अडवून ठेवू नये. आपल्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा हे जरूर बोला. आणि ढासळलेल्या कडेला एखादं खापर दिसलं, तर हातात घ्या, उलटंपालटं करून पाहा, आणि होतं तिथंच ठेवा.